वाटोबाची बिनछपराची मोटार

"ने ना, कोन नही म्हनस? पन मंग येक दिन हाईच गाडी, खरीखुरी, हाकलत आठे येनं पडी," अक्का म्हणाल्या.

माझ्या तळहातावर तेव्हा एक मोटार होती. बोटभर लांब, दोन सीटांची, बिनछपराची, विलायती घाटाची. तिच्यामागे इंग्लंडातला एक माणूस वेडा झाला होता आणि त्या माणसामागे मी. जागा म्हणाल तर सोनगीर सोडल्यावर आग्रा रोडला लागलेली चहाची टपरी आणि तिच्या पाठीमागे कडुलिंबाखाली वाटोबाचं ठाणं. वेळ सकाळी अकराची. धुळे जिल्ह्यात उन्हाळ्यात या वेळेला डांबर पातळ होतं आणि कावळे उडायचं सोडून पायी जातात.

"अक्का, ही गाडी जळगावात काय, अख्ख्या खानदेशात कुणाकडे नाही," मी म्हटलं.

"म्हनीसन तं ती आजून आठे शे," असं म्हणून अक्का दूध बघायला टपरीत निघून गेल्या.

मी तिथे का उभा होतो ते आता सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस देवळात खेळणी चोरायला गेला होता. तसं अगदीच चूक नाही, पण धंद्याच्या भाषेत त्याला सोर्सिंग म्हणतात. म्हणजे माल कुठे आहे ते शोधायचं, तो मिळवायचा आणि ज्याला हवा त्याला विकायचा. माझा माल म्हणजे जुन्या खेळण्यातल्या मोटारी. गोष्ट नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची.

त्याआधी बारा वर्षं मी स्कूटरच्या स्पेअर पार्टचा सेल्समन होतो. क्लच प्लेट, ब्रेक शू, केबल. भुसावळपासून धुळ्यापर्यंत खानदेशातली अशी एक स्कूटर नव्हती जिच्या पोटात मी विकलेला पार्ट नव्हता. एकदा दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत एका इंजिनिअरसाहेबांकडे चहाला बसलो होतो. त्यांच्या शोकेसमध्ये काचेच्या हंसांच्या रांगेत सहा मोटारी. साहेब ट्रेनिंगला परदेशी गेले तेव्हा मुलासाठी आणलेल्या. आणल्या मुलासाठी, आणि मुलाला हात लावायची बंदी. मुलगा मोठा होऊन पुण्याला शिकायला गेला, गाड्यांची चाकं अजून जमिनीला टेकलेली नव्हती. वहिनींना दर रविवारी त्या पुसायचा कंटाळा आला होता. मी एक नॉनस्टिक तवा दिला, त्यांनी सहाही गाड्या दिल्या. आमच्यापैकी कोण जास्त खूश होतं ते सांगता येणार नाही.

त्या गाड्या मी दाखवल्या नानांना. नाना म्हणजे जळगावातल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटचे मालक. पस्तीस वर्षं त्यांनी पोरांना टायपिंग शिकवलं होतं. कॉम्प्युटर आले तसे मशिन भंगारात काढून नानांनी तिथेच सायबर कॅफे टाकला. चार कॉम्प्युटर, एक टेलिफोन लाइन. कनेक्शन लागताना मोडेमचा असा आवाज यायचा की शेजारचा पिठाच्या गिरणीवाला स्वतःची मोटर बंद करून ऐकायचा. नानांनी इंटरनेटवर एक लिलावाची साइट शोधून काढली. तिथे जगभरातले लोक जुन्या वस्तू मांडतात आणि दुसरे बोली लावतात. सहा गाड्या मांडल्या. आठवड्यात सहाही गेल्या. कुठे कुठे गेल्या त्या गावांची नावं वाचायलाही नानांना डिक्शनरी लागली.

मी नोकरी सोडली. घरच्यांना सांगितलं की एक्स्पोर्टमध्ये गेलो.

वाचकांसाठी धंद्यातलं थोडं. या गाड्यांना डाय-कास्ट म्हणतात. डाय म्हणजे लोखंडी साचा. त्यात वितळलेल्या जस्ताचा रस दाबून भरतात, थंड झाला की गाडी तयार, मग वरून रंग. जमवणाऱ्या लोकांना, म्हणजे कलेक्टरांना, दोन गोष्टी लागतात. एक, रंग कारखान्यातलाच असला पाहिजे. दुसरी, गाडी उलटी केल्यावर पोटावर कुठे बनली ते उमटलेलं पाहिजे. दुकानातून आत्ता आणली अशी दिसणारी गाडी म्हणजे मिंट. पहिल्या अटीपायी माझा निम्मा माल खानदेशात बाद व्हायचा. एरंडोलच्या एका गृहस्थांनी मी गाडी घ्यायला येतोय म्हटल्यावर तिला रात्रीतून ऑइलपेंटचा हात मारून ठेवला होता. "तुम्ही एवढ्या लांबून येणार, तुमच्या हातात पोपडे उडालेली कशी द्यावी?" त्यांच्याकडे जेवलो आणि परत आलो.

आता तो इंग्लंडातला माणूस. नाव कॉलिन. माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. चाळीस-एक कलेक्टरांची एक ई-मेलची यादी होती, तिचा हा कारभारी. कॉलिन म्हणाला माणूस चांगला, की चाळीस जणांनी डोळे मिटून माल घ्यायचा. कॉलिन म्हणाला माणूस लबाड, की तुम्ही सोन्याची गाडी मांडली तरी बोली यायची नाही. माझी एक्स्पोर्ट कंपनी म्हणजे कॉलिनचं मत, दुसरं काही नाही.

कॉलिनला फक्त एक गाडी मिळत नव्हती. साठच्या दशकात एका विलायती कंपनीने आपले झिजलेले साचे भारतात एका कारखान्याला विकले होते. त्या साच्यांतून इथे थोड्या गाड्या निघाल्या. रंग आपल्याकडचे, पोटावर भारताचं नाव. त्यात ही बिनछपराची दोन सीटांची मोटार मोरपंखी रंगात फार थोडी निघाली. कॉलिनकडे लाल होती, पांढरी होती, निळी होती. मोरपंखी नव्हती. त्याने मला विचारलं.

मी गाडी पाहिली नव्हती. पण आदल्याच आठवड्यात धुळ्याच्या एका पार्टच्या दुकानात एक ट्रक ड्रायव्हर बोलता बोलता म्हणाला होता की सोनगीरपुढे वाटोबाच्या ठाण्यावर असल्या शेकड्यांनी खेळण्यातल्या गाड्या आहेत, आणि मोराच्या गळ्याच्या रंगाची एक उघडी मोटारसुद्धा आहे. मी नानांसमोर बसलो.

"लिहा नाना. गाडी माझ्या हातात आहे."

नानांची बोटं थांबली. "हातात आहे?"

"म्हणजे कानात आहे. कानातून हातात यायला कितीसा वेळ लागतो?"

"मग 'मी ऐकलं आहे' असं लिहितो."

"नाना, धंदा माझा आहे की तुमचा?"

"धंदा तुझा. कीबोर्ड माझा," नाना म्हणाले. पण गेलं शेवटी माझंच वाक्य. कॉलिनचं उत्तर दुसऱ्या दिवशी: त्याने सगळ्या यादीला कळवलं होतं की जळगावच्या आमच्या मित्राकडे मोरपंखी सापडली. चाळीस जणांनी अभिनंदन केलं होतं. आता गाडी आणली नाही तर चाळीस जणांपुढे मी खोटा ठरणार, आणि बारा वर्षं ज्या दुकानदारांना क्लच प्लेटा विकल्या त्यांच्याच दारात परत पिशवी घेऊन उभं राहावं लागणार.

म्हणून मी सकाळच्या एस.टी.ने धुळं आणि तिथून एका मालट्रकच्या केबिनमध्ये बसून वाटोबाकडे.

मग ठाणं पाहिलं. शेंदरी दगड एवढासा, आणि त्याच्याभोवती पायऱ्या पायऱ्यांचा ओटा. ओट्यावर गाड्याच गाड्या. लाकडाचे ट्रक, पत्र्याचे ट्रक, प्लॅस्टिकच्या जीप, अँबॅसिडर, ट्रॅक्टर, तीनचाकी टेम्पो, एक रोडरोलर. मी मोजायला लागलो आणि तीनशेनंतर आकडे विसरलो. आग्रा रोडचा सगळा ट्रॅफिक कुणीतरी आटवून तिथे मांडला होता.

अक्का त्या ठाण्याच्या राखणदार, टपरीही त्यांचीच. साठीच्या, काटक, नऊवारीचा पदर खोचलेला. त्यांचे यजमान ट्रकवर ड्रायव्हर होते, ओट्यावरचा पहिला लाकडी ट्रक त्यांचा. अक्का बोलतात अहिराणी, आणि गाडीच्या चौथ्या गियरमध्ये बोलतात. तुम्हाला कळावं म्हणून बरंचसं मी इथे हळू करून लिहितो आहे.

पद्धत अशी. दुसऱ्याच्या गाडीवर आयुष्य काढणारा ड्रायव्हर इथे येतो. त्याला स्वतःची जी गाडी हवी, त्या जातीचं खेळणं ओट्यावरून उचलतो, नारळ ठेवतो आणि घरी देव्हाऱ्यात नेऊन ठेवतो. पुढे खरी गाडी झाली की ती हाकत वाटोबासमोर आणायची, नेलेलं खेळणं परत ठेवायचं आणि सोबत आणखी एक नवं. म्हणून गाड्या वाढतच होत्या. विकणं नाही, विकत घेणं नाही. ट्रकना फार मागणी, ते एकेक ट्रक दहा-दहा घरं फिरून आलेले. पण ती मोरपंखी मोटार वरच्या पायरीवर, कोपऱ्यात, वाळीत टाकल्यासारखी. बिनछपराची विलायती मोटार माझी होऊ दे असं म्हणायची छाती आजवर एकाही ड्रायव्हरची झाली नव्हती. त्यामुळे तिला कुणाचा हात लागला नव्हता. रंग असा की आरशासारखा. उलटी केली, पोटावर भारताचं नाव. मिंट. फक्त बॉनेटवर शेंदराचा एक ठिपका.

आधी मी देणगीची भाषा केली. ओट्याला फरशी बसवून देतो म्हणालो. अक्का म्हणाल्या, "फरशीवर गाड्या घसरतीन." मग छप्पर. "लिंब शे ना." तेव्हाच ते सुरुवातीचं वाक्य झालं, की ने, पण मग तीच गाडी घेऊन ये.

मी विचार केला. नवस कुणी तपासायला येत नाही. खरी गाडी आणायची मुदतही नाही. माझ्या पुढच्या पाच जन्मांत तरी ती येणार नाही, आणि सहाव्याची चौकशी करायला अक्का असणार नाहीत.

"घेतो अक्का. नवस करतो."

"तुले हाई मोटार पाहिजे?"

"हीच."

अक्कांनी मला पायातल्या चपलेपासून टकलापर्यंत पाहिलं. "तुले मोटार चालाडता येस का?"

"शिकेन."

"पाऊस उना तं भिजशी," त्या म्हणाल्या. मग नारळ माझ्या हातात देऊन देवासमोर म्हणायला लावलं. मी म्हटलं. मोठ्यांदा म्हटलं, कारण खोटं बोलताना माझा आवाज आपोआप वाढतो. मोटार रुमालात गुंडाळली आणि जळगाव गाठलं.

पुढचं काम फोटो. त्या वेळी नानांकडे स्कॅनर होता, कॅमेरा नव्हता. मी गाडी एका फोटो स्टुडिओत नेली. तिथला फोटोग्राफर आयुष्यभर नवरानवरीचे फोटो काढणारा. त्याने मोटार स्टुलावर ठेवली, मागे धबधब्याचा पडदा सोडला, दोन बाजूंना प्लॅस्टिकची फुलं लावली आणि मला विचारलं, "यांच्याबरोबर तुम्हीपण बसता का?" फोटो धुऊन आले, नानांनी स्कॅन केले, पाठवले.

कॉलिनचं उत्तर आलं. नाना वाचून दाखवत होते.

"म्हणतो, रंग बरोबर आहे, चाकं बरोबर आहेत. दोन प्रश्न आहेत. जळगावला एवढा मोठा धबधबा आहे का? आणि बॉनेटवर लाल ठिपका कसला आहे? कुणी रंग मारला आहे का?"

"लिहा, कारखान्यातला डाग आहे."

नानांनी चष्मा काढला. "कारखान्यात शेंदूर असतो?"

"मग लिहा, घासला की जाईल."

"जाईल का?"

"गेला तर पाहिजे."

"हे बघ," नाना म्हणाले, "मागच्या वेळी मी तुझं एक वाक्य टाइप केलं. तीन रात्री झोप नाही. पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं की कागदावर चूक उमटली तर खोडायची नाही, पान बदलायचं. हे पान मी बदलतो. तू जा, चहा पिऊन ये."

मी चहा प्यायला गेलो. तोवर नानांनी दीड पानाचं पत्र पाठवून दिलं. अस्खलित, पूर्णविरामासकट. त्यात वाटोबा होता, अक्का होत्या, नवसाची पद्धत होती, 'हातात आहे' लिहिलं तेव्हा ती माझ्या फक्त कानात होती हे होतं, आणि मी नारळ हातात घेऊन काय बोललो तेही होतं. ते मीच त्यांना आदल्या दिवशी हसत हसत सांगितलं होतं.

"नाना, तुम्ही मला बुडवलंत."

"शक्य आहे," नाना म्हणाले, आणि एका पोरीला कर्सर म्हणजे काय ते शिकवायला गेले.

दोन दिवस मी कॅफेकडे फिरकलो नाही. जुन्या दुकानदारांचे पत्ते काढून बसलो. क्लच प्लेटांचे नवे दर विचारून घेतले. तिसऱ्या दिवशी नानांनी निरोप धाडला.

कॉलिनने लिहिलं होतं: दुसऱ्या माणसाने देवाला शब्द देऊन घेतलेली गाडी मी विकत घेऊ शकत नाही. ती तुझ्या देव्हाऱ्यात असली पाहिजे. यादीला मी यातलं अजून काही कळवलेलं नाही, काय कळवायचं ते मला समजत नाही. मग एक ओळ सोडून: विचित्र गोष्ट अशी की ही मोटार, खरीखुरी, माझ्या गॅरेजमध्ये आहे. वडिलांची. ती अकरा वर्षांपूर्वी बंद पडली, तेव्हापासून विटांवर उभी आहे. सोबत तिचा फोटो जोडला होता. मोटारीवर चादर, चादरीवर मांजर.

माझं डोकं लगेच चालायला लागलं. खरी मोटार हजर! फोटोत का होईना. नानांकडून रंगीत प्रिंट काढली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि परत सोनगीरची वाट धरली.

"अक्का, नवस फिटला," मी म्हटलं. "ही बघा गाडी. माझी नाही, माझ्या दोस्ताची आहे, पण गाडी तीच. आता खेळणं त्याला देऊन टाकू."

अक्कांनी हात पदराला पुसले आणि प्रिंट लांब धरून पाहिली.

"हाई मांजर कोनी शे?"

"त्याचीच."

"गाडी चालस का?"

"सध्या नाही. अकरा वर्षं बंद आहे."

"मंग हाई गाडी नही. हाई मांजरनी खाट शे," अक्का म्हणाल्या. मी तोंड उघडलं, पण त्यांनी हाताने थांबवलं आणि बाकावर बसल्या. प्रिंट मांडीवर ठेवली. मग विचारलं, "तुले माहीत शे का, ती मोटार आठे कशी उनी?"

मला माहीत नव्हतं, आणि एवढे दिवस विचारायचं सुचलंही नव्हतं. अक्कांनी सांगितलं ते असं. त्यांच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मुंबईचा एक शेठ बायकोमुलासह इंदूरला चालला होता. ठाण्यासमोर त्याची मोटार बंद पडली. अर्धा दिवस ड्रायव्हर बॉनेटमध्ये डोकं घालून होता. शेवटी अक्कांच्या यजमानांनी शेठला सांगितलं, वाटोबाला काहीतरी ठेवा. शेठकडे ठेवायला काही नव्हतं. मुलाच्या हातात त्याच सकाळी घेतलेलं खेळणं होतं, ते ठेवलं. मोटार चालू झाली. पोरगा शिरपूरपर्यंत रडत गेला असणार.

"म्हन्जे हाई मोटार नवी गाडी मांगनारासाठे नहीच," अक्का म्हणाल्या. "बंद पडेल गाडीसाठे शे. तू कोन लेवावाला? तुनी कोनती गाडी बंद पडनी?"

मी रिकामी प्लॅस्टिकची पिशवी घडी करून खिशात घातली.

अक्कांनी निकाल दिला. माझा नवस रद्द. मोटार त्या साहेबाकडे जाईल, पण विकत नाही. नवस त्याने स्वतः करायचा. मोटार घरात ठेवायची, खरी मोटार दुरुस्त करायची, आणि ती रस्त्यावर धावली की खेळणं परत पाठवायचं, सोबत आणखी एक.

"आणि गाडी हाकत इथे आणायची?"

अक्कांनी विचार केला. "तितला लांबतीन येता येता परत बंद पडी. फोटू धाडू दे. पन चालती गाडीना. मांजर नको."

मी परत आलो ते असं, की गाडी द्यायची, पण माझ्या हाती काही नाही. उलट पार्सलचा खर्च माझा. नानांनी अक्कांच्या अटी एकेक करून टाइप केल्या. मांजराचीसुद्धा. कॉलिनचं उत्तर एका ओळीचं होतं: मान्य आहे, नारळ इथे मिळतो.

पोस्टात आणखी एक मजा. परदेशी पार्सल म्हणजे डबा मांजरपाटाच्या कापडात शिवायचा, शिवणीवर लाखेचे सील मारायचे आणि फॉर्म भरायचा. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "आत काय आहे?"

"मोटार."

त्यांनी वितीएवढ्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "विक्रीची?"

"नाही."

"मग भेट लिहा."

"भेट नाही. परत येणार आहे."

"परत कधी येणार?"

"तिकडची मोटार चालू झाली की."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "भाऊ, तुमच्यामागे वीस माणसं उभी आहेत. विक्री नाही, भेट नाही, मग काय लिहू?"

"नवस."

"या फॉर्मात नवसाचा रकाना नाही," बाई म्हणाल्या, थोडा विचार केला, 'सॅम्पल' असं लिहिलं आणि शिक्का मारला.

त्यानंतर वर्ष गेलं. मध्ये मध्ये कॉलिनची पत्रं यायची. आज कार्बोरेटर काढला. आज पिस्टन मोकळे झाले. एक पार्ट कुठेच मिळेना तेव्हा त्याने मला विचारलं, आणि तो रबरी वॉशर मी भुसावळला एका जुन्या दुकानदाराकडून, ट्रॅक्टरचा, थोडा कातरून पाठवला. बसला. त्यामुळे ती विलायती मोटार आज ज्या काही वेगाने धावते त्यातला निम्मा वेग भुसावळचा आहे असं मी सगळ्यांना सांगतो.

मग एक दिवस पार्सल आलं. आत मोरपंखी मोटार, शेंदराचा ठिपका तसाच. तिच्या शेजारी दुसरी गाडी, लाल डबलडेकर बस, जुनी, मिंट, खोक्यासकट. आणि फोटो: कॉलिन स्टिअरिंगवर, छप्पर नाही, पाऊस पडतोय, माणूस चिंब आणि तोंड उघडं. मांजर नव्हतं.

खरं सांगतो, दोन्ही गाड्या नानांच्या कॅफेतल्या टेबलावर ठेवून मी मनातल्या मनात बोली लावायला लागलो. अमेरिकेत दोन माणसं मला माहीत होती जी त्या जोडीसाठी भांडली असती. सोनगीरला कुणाला कळणार होतं? अक्कांकडे इंटरनेट नव्हतं. पण समोर नाना होते, आणि ते कीबोर्ड पुसत माझ्याकडे न बघता म्हणाले, "एस.टी. अकराला आहे."

अक्कांनी फोटो नीट पाहिला, मोटार तिच्या जागी ठेवली, बसला शेंदूर लावला आणि म्हणाल्या, "भिजना बिचारा. मी सांगेल व्हतं."

आता निकाल. कॉलिनने सगळी हकीकत यादीला लिहून कळवली, अगदी सुरुवातीच्या माझ्या खोट्या वाक्यासकट. मी म्हटलं झालं, संपलो. पंधरा दिवसांत एकोणीस पत्रं आली. त्यातल्या एकालाही माझ्याकडून काही विकत घ्यायचं नव्हतं. प्रत्येकाच्या गॅरेजात एकेक बंद पडलेली मोटार होती, कुणाची आजोबांची, कुणाची घटस्फोट झालेल्या बायकोची, आणि प्रत्येकाला वाटोबाची एक गाडी नवसाला हवी होती. मी यादी घेऊन अक्कांकडे गेलो. अक्का म्हणाल्या, "पहिले आपला लोके. ज्या उरतीन त्या त्यास्ले." आपल्या लोकांना ट्रक आणि टेम्पो लागतात. म्हणजे उरतात त्या विलायती, सुरुवातीला दोनच. त्या जातात, वर्ष-दोन वर्षांनी जोडीदार घेऊन परत येतात. आज त्या लिंबाखाली जो माल आहे तो पाहिला तर लंडनच्या म्युझियमवाले राजीनामे देतील, आणि त्यातली एकही गाडी मला विकता येत नाही. पार्सलं मात्र मीच शिवतो. पोस्टातल्या बाई आता न विचारता 'सॅम्पल' लिहितात.

पोटाचं म्हणाल तर चाललं. दीपनगरच्या बाकीच्या शोकेसमधल्या, एरंडोल-पारोळ्याच्या माळ्यावरच्या साध्या गाड्या त्याच यादीतले लोक माझ्याकडून घेत राहिले. फोटो मागत नाहीत, ठिपक्याबद्दल विचारत नाहीत. मी लिहिलं की चांगली आहे, तर चांगली आहे असं धरून चालतात.

नव्याने धंद्यात पडणाऱ्यांनी मला विचारलं तर मी एवढंच सांगतो. माल कुठूनही शोधा, गिऱ्हाईक कुठलंही पकडा. पण पत्र टाइप करायला माणूस असा ठेवा, जो तुम्ही सांगाल तसं टाइप करत नाही.